पहिलं लाकडी शिडाचं जहाज: किटचा डबा उघडण्यापासून दोर बांधेपर्यंत

लाकडी जहाजाचं किट घेताना बहुतेकांची नजर डब्यावरच्या चित्रावर असते. त्या चित्रात डोलकाठ्या दिसतात, शिडं दिसतात, दोरांचं जाळं दिसतं. पण नवशिक्याचं जहाज बिघडतं ते दोरांमुळे नाही. ते त्याच्या कितीतरी आधी बिघडलेलं असतं. सांगाडा जरासा पिळला, त्यावरच्या पट्ट्या नीट टेकल्या नाहीत, की पुढे कितीही सुबक गाठी मारा, समोरून पाहिलं की जहाज तिरकंच दिसतं. म्हणून या लेखात सांगाडा आणि पट्ट्या यांनाच जास्त जागा दिली आहे. शिडांबद्दल थोडक्यात आटोपलं आहे.

उदाहरणाला ब्लूनोज घेऊ. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात लूननबर्ग इथे २६ मार्च १९२१ रोजी पाण्यात उतरलेलं हे दोन डोलकाठ्यांचं मासेमारीचं स्कूनर. मासेही धरायचं आणि मच्छीमार जहाजांच्या शर्यतीही जिंकायचं. १९४६ मध्ये हैतीजवळच्या खडकावर आदळून ते बुडालं. कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून शिडाचं जहाज आहे ते याच्याच रूपाचं. अनेक कंपन्या ब्लूनोजची किट वेगवेगळ्या प्रमाणांत काढतात. तुमच्या हातात दुसरं कुठलं स्कूनर असलं तरी इथली रीत तशीच लागू पडते.

किट कुठलं घ्यावं

पहिल्यांदा स्कूनर किंवा एका डोलकाठीची होडी घ्या. स्कूनरची मुख्य शिडं डोलकाठीच्या मागे, जहाजाच्या लांबीच्या रेषेत लागतात. आडवी परबाणं, म्हणजे शिड टांगायच्या आडव्या काठ्या, नसतात किंवा एखाददुसरंच असतं, त्यामुळे दोर आटोक्यात राहतात. तीन डोलकाठ्यांच्या लढाऊ जहाजाचा मोह होतो, हे कबूल. मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. तिचे फोटो पाहिले की हात शिवशिवतात. पण तशा फ्रिगेटवर शेकड्यांनी दोर असतात आणि प्रत्येक परबाणाला स्वतःची वेगळी दोरसंपत्ती असते. ते दुसऱ्या-तिसऱ्या जहाजासाठी राहू द्या.

त्याहून सोपं काही हवं असेल तर अमेरिकेच्या मॉडेल शिपवेज कंपनीची नवशिक्यांसाठीची मालिका पाहा. त्यात १:२४ प्रमाणातली लॉवेल ग्रँड बँक्स डोरी आहे. ब्लूनोजसारख्या जहाजांच्या डेकवर एकात एक रचून ठेवलेल्या असत तसलीच ही सपाट तळाची होडी. पट्ट्या थोड्या आणि रुंद, दोर नाहीत. पट्टी वाकवून चिकटवणं म्हणजे काय, हे हाताला कळायला ती पुरते.

प्रमाणाचा आकडा खरेदीच्या आधी नीट समजून घ्या. ब्लूनोजच्या अंगाची लांबी, नाकासारखी पुढे आलेली काठी सोडून, सुमारे ४३.६ मीटर होती. म्हणजे १:१०० ला मॉडेलचं अंग साधारण ४४ सेंटिमीटर आणि १:६४ ला ६८ सेंटिमीटर. फ्लॅटमध्ये ठेवायचं कुठे याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. उलट बाजूनेही विचार करा. १:१०० मध्ये उभा माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा होतो आणि अडीच सेंटिमीटर जाडीचा दोर पाव मिलिमीटरचा. फार लहान प्रमाण म्हणजे सोपं काम असा समज असतो, प्रत्यक्षात डोळ्यांची परीक्षा तिथेच होते.

ऑनलाइन मिळणाऱ्या अगदी स्वस्त किटांत बहुधा सूचनापुस्तिका चार पानांची, चित्रं पुसट आणि दोरा केसाळ असतो. तरी सरावाला हरकत नाही. फक्त मूळ आकाराचा नकाशा आत आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्या. नकाशा नसलेलं किट घेऊ नका. परदेशातून मागवत असाल तर कस्टमची रक्कम किमतीत आधीच धरा.

हत्यारं

बहुतेक सामान घरात किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. धारदार क्राफ्ट नाइफ आणि भरपूर जादा पाती. पोलादी पट्टी. दोन छोटे गुण्ये. बारीक टोकाचे दोन चिमटे, त्यातला एक वाकड्या टोकाचा. हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि अर्धा ते एक मिलिमीटरचे बिट. पॉलिश पेपर १२०, १८०, २४० आणि ४०० नंबरचे. पांढरा फेविकॉल. फेविक्विकची एक ट्यूब, पण ती शक्यतो ड्रॉवरमध्येच बरी. कपडे वाळत घालायचे चिमटे आणि कागदाच्या काळ्या क्लिपा मिळतील तितक्या जमवा, त्या कधीच पुरत नाहीत.

पॉलिश पेपर हातात धरून घासू नका. लाकडाच्या सपाट पट्टीवर चिकटवून घ्या: एक पट्टी बोटभर रुंद, एक चांगली वीतभर लांब. ही लांब पट्टी पुढे फार कामाची आहे. घासताना मास्क लावा, अक्रोडाच्या लाकडाची भुकटी नाकाला झोंबते. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की पातं निसटून बोटावर येतं, म्हणून पातं लगेच बदला.

डबा उघडल्यावर

पहिल्या दिवशी काहीही चिकटवायचं नाही. नकाशा भिंतीवर लावा, पुस्तिका एकदा शेवटपर्यंत वाचा, भाग यादीशी ताडून पाहा. प्लायवूडच्या तक्त्यावर लेझरने कापलेले भाग असतात. ते सोडवण्याआधी प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नंबर टाका. एकसारखे दिसणारे दोन बल्कहेड (सांगाड्याचे आडवे भाग) एकदा वेगळे झाले की ओळखू येत नाहीत. भाग हाताने मोडून काढू नका. जिथे तो तक्त्याला धरून असतो तिथे दोन्ही बाजूंनी पात्याने कापा.

लेझरने कडा काळपट जळलेल्या असतात. त्या जळक्या थरावर फेविकॉल नीट धरत नाही. जिथे पट्टी चिकटणार त्या कडा हलक्या हाताने घासा. खाचांच्या आतून मात्र घासू नका, नाहीतर खाच सैल होते.

कणा आणि बल्कहेड

जहाजाच्या लांबीभर उभी राहणारी प्लायवूडची फळी म्हणजे कणा. त्यावर आडवे बसतात ते बल्कहेड. ते जहाजाच्या पोटाचा आकार ठरवतात.

कणा आधी जाड काचेवर आडवा ठेवून पाहा. टेबलावर नको, टेबल बहुतेक वेळा सपाट नसतं. खालून उजेड दिसला तर कणा वाकलेला आहे. पावसाळ्यात मागवलेल्या किटमध्ये हे हमखास होतं. ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा, दोन सपाट फळ्यांमध्ये धरा, वर जाड पुस्तकांची थप्पी ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत, निदान एक रात्र, हलवू नका.

आता सगळे बल्कहेड गोंद न लावता खाचांत बसवून बघा. जोर लावावा लागत असेल तर खाच किंचित घासा, आपोआप घसरत असेल तर पातळ कागदाची चकती घाला. पाहायच्या गोष्टी दोन. प्रत्येक बल्कहेडची वरची कड कण्याच्या वरच्या कडेशी समतल हवी, कारण त्यावर डेक बसणार आहे. आणि बल्कहेड कण्याशी दोन्ही दिशांनी काटकोनात हवं. गोंद वाळेपर्यंत काटकोन टिकवायला मुलांचे लेगोचे ठोकळे उत्तम. दोन्ही बाजूंनी ठोकळे टेकवा, क्लिप लावा. एका वेळी दोन-तीनच बल्कहेड चिकटवा. फेविकॉल अर्ध्या तासात पकड घेतो, पण पूर्ण जोर यायला रात्र लागते. जुलैत कोकणात किंवा मुंबईत त्याहूनही जास्त.

सगळे बसल्यावर सांगाडा डोळ्यांसमोर धरून नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, मागच्या टोकापर्यंत पाहा. बल्कहेडच्या वरच्या कडा एकामागे एक झाकल्या जायला हव्यात. एखादी तिरकी दिसली तर आत्ताच सोडवा. त्या जोडावर थोडं कोमट पाणी सोडलं की साधा पांढरा फेविकॉल मऊ पडतो.

नाळेकडच्या पहिल्या दोन बल्कहेडांमधली पोकळी बाल्सा लाकडाने भरून घ्या, किटमध्ये ठोकळे नसले तरी. तिथे पट्टी सर्वांत जास्त वळते आणि खाली आधार नसला तर ती मधेच खोलगट बसते.

घासून ओघ आणणं

हे काम कंटाळवाणं आहे. पुस्तिकेत याला बहुधा दोन ओळी असतात, आणि खरं जहाज इथेच घडतं. बल्कहेडच्या कडा चौकोनी कापलेल्या असतात, पण जहाजाचं पोट नाळेकडे आणि मागे निमुळतं होत जातं. कड तशीच ठेवली तर पट्टी फक्त एका कोपऱ्यावर टेकते. म्हणून पुढच्या बल्कहेडांची पुढची धार आणि मागच्यांची मागची धार तिरकी घासायची. मधल्या दोन-तीनांना जवळजवळ हात लावायचा नाही.

घासताना ती वीतभर लांब पट्टी वापरा, एकाच वेळी किमान दोन-तीन बल्कहेडांवरून फिरेल अशी. चार फेऱ्या झाल्या की किटमधली एक पट्टी हाताने सांगाड्यावर वाकवून धरा आणि बाजूने पाहा. ती प्रत्येक बल्कहेडच्या पूर्ण जाडीवर टेकतेय का? एखाद्यावर टेकतच नसेल तर तिथे पातळ लाकडाची चकती चिकटवून परत घासा. एखाद्यावर पट्टी उचकटत असेल तर ते आणखी कमी करा. वरच्या कडेजवळ, मधोमध आणि खाली कण्याजवळ, तिन्ही ठिकाणी ही परीक्षा घ्या. दोन्ही बाजू सारख्या राहाव्यात म्हणून एका बाजूवर बसून राहू नका, आलटून पालटून घासा.

पट्ट्या बसवणं

आता हिशेब. जहाजाच्या मधल्या बल्कहेडवर डेकपासून कण्यापर्यंतची वक्र लांबी नाळेपाशी असते त्याहून बरीच जास्त असते. पट्ट्या मात्र दोन्हीकडे तेवढ्याच लागणार. म्हणजे प्रत्येक पट्टी नाळेकडे निमुळती करायलाच हवी. कागदाची फीत मधल्या बल्कहेडवर गुंडाळून मापा. समजा ६० मिलिमीटर आलं आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंद आहे, तर १२ पट्ट्या. नाळेपाशी ३६ मिलिमीटर आलं, तर तिथे प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटरची व्हायला हवी. मधल्या प्रत्येक बल्कहेडवर असंच भागून खुणा करून ठेवा. नाळेकडे पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक करू नका. तशी वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी तिथे एकच पुढे न्या. मागच्या बाजूला काही जहाजांत उलट होतं: जागा वाढते आणि फट राहते. ती पाचरीच्या आकाराचा तुकडा घालून भरतात. पट्टी ताणून फट बुजवायला जाल तर ती कधीतरी सुटेल.

पहिली पट्टी डेकच्या रेषेजवळ, पुस्तिका सांगेल तिथे. तिचा ओघ बाजूने आणि वरूनही पाहा, कारण बाकी सगळ्या पट्ट्या तिच्याच मागे जाणार. मग एक उजवीकडे, एक डावीकडे, असंच करत चला. एका बाजूला चार पट्ट्या एकदम लावल्या तर वाळताना त्या कण्याला आपल्याकडे ओढतात आणि इतक्या मेहनतीने सरळ ठेवलेला कणा केळ्यासारखा वाकतो.

वाकवण्यासाठी पट्टी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि स्टीलच्या पेल्यावर हळूहळू वळवा. केस सरळ करायचं यंत्र घरात असेल तर ओली पट्टी त्यात धरून वळवता येते, ज्याचं यंत्र त्याला विचारून. वळलेली पट्टी जागेवर क्लिपांनी नुसती धरून ठेवा आणि वाळू द्या. गोंद नंतर. ओलं लाकूड फुगलेलं असतं. तसंच चिकटवलं तर वाळल्यावर आक्रसतं आणि दोन पट्ट्यांमध्ये फटी पडतात. घाईत हा टप्पा सगळेच गाळतात.

चिकटवताना फेविकॉल बल्कहेडच्या कडेवर आणि शेजारच्या पट्टीच्या धारेवर, दोन्हीकडे लावा. खिळे ठोकायचेच असतील तर अर्धेच ठोका आणि नंतर उपटा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा, कारण त्यावर पुढे पॉलिश चढत नाही, पांढुरके डाग पडतात.

हे सगळं खऱ्या किटवर करण्याआधी आइस्क्रीमच्या काड्या भिजवून, निमुळत्या करून एखाद्या बाटलीवर दोन-चार चिकटवून पाहा. हात बसतो.

पोट पूर्ण झालं की फटी बुजवा. घासून जमलेली भुकटी फेविकॉलमध्ये कालवली की रंगाशी जुळणारी लांबी (पुटी) तयार होते. मग १२० ने सुरुवात करून ४०० पर्यंत, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. डोळे मिटून बोटं फिरवा, उंचवटे बोटांना आधी कळतात. काही किटांत याच्यावर आणखी एक पातळ अक्रोडाचा थर असतो. तसं असेल तर पहिल्या थराच्या दिसण्याची काळजी नको, ओघाची मात्र घ्याच. ब्लूनोजचा वरचा भाग काळा आणि पाण्याखालचा तांबडसर आहे. दोन्हींमधली रेघ मारायला पेन्सिल एका उंचीच्या ठोकळ्यावर बांधा आणि ती जहाजाभोवती फिरवा. जहाज स्टँडवर सरळ बसलेलं आहे ना, हे आधी मोजून घ्या.

डेक

डेकच्या पट्ट्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत अखंड लावू नका. खऱ्या जहाजाला तेवढ्या लांब फळ्या मिळत नसत. सहा मीटरची फळी धरली तर १:१०० मध्ये सहा सेंटिमीटर. तेवढे तुकडे करा आणि शेजारशेजारचे जोड एका रेषेत येऊ देऊ नका. फळ्यांमधली डांबराची काळी रेघ दाखवायला प्रत्येक तुकड्याच्या एका धारेवर मऊ पेन्सिल फिरवा. काळं स्केचपेन लाकडात पसरतं. डेकवरची केबिनं, झाकणं आणि सुकाणूचं चाक बाहेर वेगळं तयार करून मग बसवा.

डोलकाठ्या

किटमधली गोल काठी काचेवर गडगडवून पाहा. टकटक आवाज आला तर ती वाकडी आहे, बदला. वर जाताना डोलकाठी बारीक होते. काठी ड्रिलमध्ये धरून सावकाश फिरवा आणि दुमडलेला पॉलिश पेपर हलका धरा. बारीक काठ्यांसाठी किटमधलं लाकूड तुटकं निघालं तर बांबूची सळी घ्या. ती तुटत नाही आणि हवी तशी घासता येते.

डोलकाठ्या किंचित मागे कललेल्या असतात. तो कोन नकाशावरून पुठ्ठ्यावर उतरवा, पुठ्ठा कापा आणि डोलकाठीच्या मागे टेकवून पाहा. समोरून मात्र ती अगदी उभी हवी. कप्प्या, कड्या, दोर अडकवायच्या आडव्या पट्ट्या, जे काही डोलकाठीवर चिकटवता येईल ते ती जहाजात रोवण्याआधीच चिकटवा.

दोर

दोर दोन जातींचे. डोलकाठी धरून ठेवणारे स्थिर दोर काळे किंवा गडद तपकिरी, आणि शिडं हलवणारे दोर फिकट. आधी सगळे स्थिर दोर, मग बाकीचे. आणि नेहमी आतून बाहेर, मधल्या रेषेकडून कडेकडे. बाहेरचे दोर आधी बांधले तर आतल्या गाठीपर्यंत चिमटा पोचत नाही.

किटमधल्या दोऱ्याची लव जाळायला तो मेणबत्तीच्या ज्योतीच्या वरून झटकन ओढा. सुती असेल तरच, पॉलिस्टर वितळतो. मग मधमाश्यांच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून बोटांत चोळा. लव बसते, गाठ घसरत नाही.

डोलकाठीच्या टोकापासून जहाजाच्या दोन्ही कडांना उतरणारे जाड दोर म्हणजे श्राउड. पुढच्या डोलकाठीच्या उजव्या बाजूची पहिली जोडी, मग डाव्या बाजूची पहिली, मग उजवी दुसरी, असा क्रम. प्रत्येक जोडीनंतर समोरून पाहा, डोलकाठी एकीकडे ओढली गेली का. श्राउडच्या खालच्या टोकाला तीन भोकांचे गोल लाकडी मणी असतात, डेडआय. वरचा आणि खालचा यांतलं अंतर सगळीकडे सारखं दिसायला हवं. त्यासाठी तारेचा एक तुकडा स्टेपलच्या पिनेसारखा दोन्हीकडे वाकवा, त्याची टोकं दोन डेडआयच्या भोकांत घाला आणि अंतर धरून ठेवलं असतानाच श्राउड बांधा. प्रत्येक जोडीला हीच तार वापरा.

श्राउडवरच्या आडव्या पायऱ्या, रॅटलाइन, या कामाला धीर लागतो. एकरेघी वहीचा कागद मागे लावला की अंतर आपोआप जुळतं. मधल्या श्राउडांवर क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ, दोन्ही टोकांना साधी गाठ. ताणू नका. ताणलं की श्राउड आतल्या बाजूला ओढले जाऊन कंबर आवळल्यासारखे दिसतात. गाठीवर फेविक्विकपेक्षा पाणी घातलेला फेविकॉल सुईने टेकवलेला चांगला: डाग पडत नाही, दोरा तितका कडक होत नाही आणि चुकलं तर सोडवता येतं. जादा टोकं दुसऱ्या दिवशी कापा.

शिडं

किटमधलं कापड बहुधा या प्रमाणाला फारच जाड असतं. माझं मत विचाराल तर पहिल्या जहाजाला शिडं लावूच नका. नुसत्या डोलकाठ्या आणि दोर असलेलं मॉडेल ही जुनी, मान्य पद्धत आहे आणि तुमची डेकवरची मेहनतही झाकली जात नाही. लावायचीच असतील तर कापड कोऱ्या चहात बुडवून पिवळसर करा, कडांना पातळ फेविकॉल लावून वाळवा आणि मग कापा, म्हणजे धागे सुटत नाहीत.

ठेवायचं कुठे

काचेची पेटी शिडांपेक्षा महत्त्वाची. दोरांवर बसलेली धूळ निघत नाही, ब्रशने झटकली तर गाठी सुटतात. पेटीला तळाशी मागच्या बाजूला एक-दोन बारीक भोकं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. खिडकीतलं थेट ऊन नको, त्याने दोरे विटतात आणि पट्ट्या तडकतात. पेटीचा तळ प्लायवूडचा असेल तर बसवण्याआधी त्याला वाळवीचं औषध लावून चांगला वाळू द्या, आणि ठेवण्याची जागा भिंतीच्या ओलीपासून चार बोटं दूर निवडा.